‘गप्प बस, आहे तेही काम जाईल’

पत्र असं आलं:

‘ताई, मी सयाजीराव युनिव्हर्सिटीत बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजोबा रेल्वेच्या प्रतापनगर वर्कशॉपमध्ये होते, तेव्हापासून आम्ही बडोद्याचेच. आई वासणा रोडच्या एका सोसायटीत चार घरी कपडां-वासण, म्हणजे धुणीभांडी, आणि केर-पोतं करते. अकरा वर्षं झाली. एका घरी तिच्या चहाचा कप वेगळा आहे, बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे ठेवलेला. लिफ्टवर बोर्ड आहे, नोकरांनी आणि डिलिव्हरीवाल्यांनी जिना वापरावा. आईचे गुडघे दुखतात आणि दोन घरं सातव्या मजल्यावर आहेत. गेल्या महिन्यात एका घरात बांगडी सापडेना. आईला दुपारी तीनपासून साडेपाचपर्यंत दार लावून बसवून ठेवलं, पिशवी उलटी केली, कंबरेला खोचलेले पैसे काढून दाखवायला लावले. मग खाली पार्किंगमध्ये वॉचमन आणि दोन बायकांसमोर त्या बेन आमच्या जातीचं नाव घेऊन बोलल्या. बांगडी दोन दिवसांनी त्यांच्याच प्रवासाच्या बॅगेत मिळाली. आईला निरोप आला, ये कामाला. आई गेली नाही. तिचे सतरा दिवसांचे पैसे अडकलेत. आम्ही बौद्ध आहोत, जातीचा दाखला गुजरातचाच आहे. मी म्हणते पोलिसात जाऊ. आई म्हणते, गप्प बस, आहे तेही काम जाईल. शाळेत पाठ केलं होतं की घटनेत भेदभावाला बंदी आहे. ती बंदी आईच्या कामाच्या घरात चालते का? – एक मुलगी, बडोदा’

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचताना मी त्या वॉशिंग मशीनच्या मागच्या कपापाशी थांबले. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्यात परसदारी एक देवळी होती आणि तिच्यात जर्मलचा एक पेला पालथा घातलेला असायचा. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा. आजी त्यात चहा वरून ओतायची, पेल्याला किटली लागू द्यायची नाही. घरातल्या प्रत्येक भांड्यावर कुणाचं ना कुणाचं नाव घातलेलं होतं, कुणाच्या मुंजीतलं, कुणाच्या लग्नातलं. त्या पेल्यावर काही नव्हतं. मी नऊ-दहा वर्षांची होते आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. पुढे वकिली शिकले, घटना वाचली, परीक्षेत कलम 17 वर मोठं उत्तर लिहिलं, आणि तो पेला मात्र मला कितीतरी वर्षांनी आठवला. म्हणून तुझा प्रश्न मला पुस्तकातला वाटत नाही.

उत्तर देताना तुला खोटा धीर द्यायचा नाही. तू शाळेत जे पाठ केलंस ते बहुधा कलम 15 चं पहिलं पोटकलम असणार: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून ‘राज्य’ कोणत्याही नागरिकाशी भेदभाव करणार नाही. त्यातला राज्य हा शब्द नीट बघ. सरकार, महानगरपालिका, सरकारी शाळा, पोलीस, हे सगळे त्यात आले. सातव्या मजल्यावरच्या बेन त्यात येत नाहीत. त्याच कलमाचं दुसरं पोटकलम मात्र साध्या माणसांनाही बांधतं: दुकान, हॉटेल, करमणुकीची जागा, सार्वजनिक विहीर, तळं, रस्ता इथे जातीवरून कुणालाही अडवता येत नाही. पण कुणाच्या घराचं स्वयंपाकघर त्या यादीत नाही.

म्हणजे दार बंद झालं का? नाही. घटनेत अशीही कलमं आहेत जी उंबरठा ओलांडून आत येतात. कलम 17 म्हणतं की अस्पृश्यता नष्ट केली आहे आणि ती कोणत्याही स्वरूपात पाळायला मनाई आहे. तिथे राज्य हा शब्दच नाही. कुणी पाळायची नाही, तर कुणीच नाही. कलम 23 वेठबिगारीला बंदी करतं, तेही असंच सगळ्यांना लागू. दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामांवर राबणाऱ्या मजुरांचं प्रकरण 1982 साली सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा न्यायालयाने हे स्पष्ट सांगितलं की 17, 23 आणि धोक्याच्या कामात बालमजुरीला बंदी करणारं 24 ही कलमं खासगी माणसांविरुद्धही चालतात. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेलं काम हे कलम 23 च्या अर्थाने सक्तीचं काम आहे, असंही त्याच निकालात म्हटलं आहे. तेव्हा ‘माझं घर, माझे नियम’ हे कुणी तुझ्या आईला ऐकवलं, तर ते पूर्ण खरं नाही.

आणि ही कलमं दूरच्या दिल्लीतून आलेली नाहीत, मुली. तू 14 एप्रिलला सयाजीबागेतल्या संकल्पभूमीवर जात असशील. आमच्या घरात अजून त्या बागेला कामाठीबागच म्हणतात. 1917 साली बाबासाहेब सयाजीराव महाराजांच्या नोकरीत रुजू व्हायला बडोद्याला आले आणि त्यांना राहायला खोली मिळेना. नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. त्यांनी गावातल्या दोन मित्रांकडे आसरा मागितला. त्यातल्या हिंदू मित्राचं उत्तर त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे: तुम्ही घरी आलात तर माझे नोकर काम सोडून जातील. दुसऱ्याने बायकोचं कारण सांगितलं. मग ते याच बागेत येऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले.

त्या पहिल्या उत्तराकडे मी पुन्हा पुन्हा जाते. मित्र असं म्हणाला नाही की मला तुम्ही नको आहात. तो म्हणाला, नोकरांना चालणार नाही. आज तुझ्या आईच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना जाऊन विचार, लिफ्टवर तो बोर्ड का लावला? ते म्हणतील, ‘आम्हाला व्यक्तिशः काही नाही, पण मेंबरांना चालत नाही.’ कपाचं कारण घरातल्या म्हाताऱ्या सासूबाईंचं असेल. प्रत्येक वेळी चालत नसतं ते दुसऱ्या कुणाला तरी. कलम 17 लिहिणाऱ्यांना हे पुरेपूर ठाऊक होतं, म्हणून त्यांनी ‘कोणत्याही स्वरूपात’ असे शब्द घातले.

आता कपाचं. कलम 17 राबवण्यासाठी 1955 चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे. अस्पृश्यतेच्या कारणाने अनुसूचित जातीच्या व्यक्तीचा अपमान करणं हा त्यात गुन्हा आहे, शिक्षा एक ते सहा महिने. त्यातलं कलम 12 तुझ्यासारख्यांसाठी मोलाचं आहे. ते म्हणतं की त्या कायद्यातला गुन्हा ठरणारी कृती अनुसूचित जातीच्या माणसाच्या बाबतीत झाली असेल, तर ती अस्पृश्यतेच्या कारणानेच झाली असं न्यायालयाने धरून चालायचं. तसं नव्हतं हे समोरच्याने सिद्ध करायचं. आणि तुम्ही बौद्ध आहात म्हणून हे लागू नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. 1990 पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. तरीही एकट्या कपावरून खटला उभा करायला मी तुला सांगणार नाही. चार भिंतींच्या आतलं साक्षीवर टिकवणं कठीण असतं, आणि त्या घरी आई अजून काम करते. तिथे आधी दुसरा मार्ग आहे. आईने एक दिवस सरळ म्हणावं, मी चहा घेत नाही. कारण विचारलं तर सांगावं. विचारलं नाही तर त्या घरातल्या सुनेला किंवा मुलीला, जी कुणी आईशी बरं बोलते तिला, तू जाऊन सांगावंस. हे छोटं वाटेल तुला. पण आमच्या वाड्यातला तो पेला असाच हलला. बाईंच्या मुलीने माझ्या काकूला एकदा विचारलं की हा इथे का ठेवता, आणि काकू काही बोलू शकली नाही. दुसऱ्या दिवशी तो देवळीत नव्हता.

पार्किंगमधलं प्रकरण वेगळं आहे आणि गंभीर आहे. 1989 च्या अॅट्रॉसिटी कायद्यात, लोकांच्या नजरेसमोरच्या जागी जातीचं नाव घेऊन शिवीगाळ करणं किंवा अनुसूचित जातीच्या माणसाला हेतुपुरस्सर अपमानित करणं हा गुन्हा आहे. लोकांच्या नजरेसमोर, हे शब्द कोर्टात फार तपासले जातात. घराच्या आत, बाहेरचं कुणी नसताना बोललेलं त्यात बसत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये म्हटलं. पण जागा खासगी असली तरी ती लोकांना दिसत असेल आणि लोक तिथे असतील तर ती या व्याख्येत येऊ शकते, हेही त्याच न्यायालयाने 2008 मध्ये सांगितलेलं आहे. पार्किंग, वॉचमन, दोन बायका: आईच्या बाजूने ही तिन्ही माणसं महत्त्वाची आहेत. त्यांची नावं आजच लिहून ठेव. वॉचमन एजन्सीचे असतात, दोन महिन्यांत बदलतात. पार्किंगमध्ये कॅमेरा असेल तर त्याचं चित्रीकरण फार दिवस राहत नाही, जुन्यावर नवं चढतं. ते जपून ठेवावं म्हणून सोसायटीला लेखी अर्ज दे आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचेची सही घे. या कायद्याखाली गुन्हा नोंदवायला आधी प्राथमिक चौकशी लागत नाही, हे 2018 च्या दुरुस्तीने कायद्यातच लिहिलं आहे. ठाण्यात टाळाटाळ झाली तर 14566 ही अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

बांगडी हरवल्यावर त्यांनी जे केलं ते करायचा त्यांना काहीएक अधिकार नव्हता. चोरीचा संशय आला तर माणसाने पोलिसांना कळवायचं असतं. दार लावून अडीच तास बसवून ठेवणं म्हणजे बेकायदा कोंडून ठेवणं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 127 प्रमाणे त्याला वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मात्र या गुन्ह्याची दखल कोर्टाला साधारण वर्षाच्या आतच घेता येते, म्हणून ‘पुढे बघू’ असं म्हणत वेळ घालवू नका. अंगावरचे पैसे काढायला लावायचा हक्क कुठल्याही मालकिणीला नाही. पोलिसांनासुद्धा बाईची झडती फक्त बाईकडूनच, आब राखून घ्यावी लागते.

हे सगळं आईला तोंडपाठ असू दे, कारण घरकाम करणाऱ्या बाईवर चोरीचा आळ हा कधीतरी येतोच, आणि तो संध्याकाळी येतो, दागिना शोधून दमल्यावर. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. फारच अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याला न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यावी लागते. नुसती माहिती विचारायची असेल तर बाईला साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी यायचं असतं. अटक केलीच तर कारण सांगावं लागतं, वकिलाला भेटू द्यावं लागतं, 24 तासांत कोर्टापुढे उभं करावं लागतं. हे शेवटचं घटनेच्या कलम 22 मध्येच आहे.

सतरा दिवसांचे पैसे. याच्याबद्दल मला सर्वांत जास्त राग आला, कारण यात जात, संशय, अपमान काहीच मध्ये आणायची गरज नाही. काम झालं, पैसे द्या. वाद असलाच तर तो बांगडीचा होता आणि बांगडी मिळाली. इथे पहिलं पाऊल कोर्ट नव्हे, नोटीस आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोर्ट आता लहरीपुऱ्याच्या न्यायमंदिरात नाही हे तुला माहीत असेलच. 2018 साली ते दिवाळीपुऱ्याच्या नव्या इमारतीत गेलं आणि प्राधिकरणाचं कामही तिथूनच चालतं. 1987 च्या विधी सेवा कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. ‘आम्हाला वकील कुठला परवडतोय’ हा आईचा प्रश्न तिथे संपतो. 15100 वर फोन करूनही विचारता येतं. त्यांच्या कागदावर बोलावणं आलं की बहुतेक घरं पैसे देऊन मोकळी होतात. मी अशा बायकांसोबत बसले आहे, म्हणून सांगते.

तिथे पहिलाच प्रश्न काय येईल सांगू? ‘तुम्ही त्यांच्याकडे कामाला होतात याला पुरावा काय?’ अकरा वर्षं काम केलेल्या बाईकडे याचं उत्तर नसतं. मालकिणीच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर असतं. त्याच्यावर दुधाचा हिशोब असतो, गॅसची तारीख असते आणि बाईच्या खाड्यांवर फुल्या असतात. महिनाअखेरीला त्या फुल्या मोजून पगार कापला जातो. आई ज्या दिवशी गेली, चढ्या तापात गेली, पाहुणे आहेत म्हणून दोनदा गेली, त्याची खूण त्या कॅलेंडरवर नसते. खाडा तेवढा लिहिला जातो. म्हणून तुम्ही घरात एक कॅलेंडर आईचं करा. चार घरांना चार रंगांची पेनं. गेली की टिंब, जास्तीचं काम केलं की दोन टिंबं, पैसे मिळाले त्या तारखेला रक्कम. पगार शक्यतो आईच्या खात्यात यूपीआयने घ्यायला सांगा. बँकेच्या पासबुकातली दरमहाची एंट्री ही कुठल्याही साक्षीपेक्षा बोलकी असते. सोसायटीच्या गेटवरच्या रजिस्टरमध्ये किंवा अॅपवर आईची रोजची नोंद आहे का ते बघ. असेल तर तोही पुरावाच आहे. दिवाळीची बोणी म्हणजे बक्षिसी, जुन्या साड्या हे पगारात धरायचं नाही, ते कुणी हिशोबात दाखवू लागलं तर तिथल्या तिथे नाही म्हणायचं. आणि सतरा दिवसांचं आईला आठवतंय तोवर लिहून काढ, तारखेसह, कोणत्या दिवशी काय काम, किती वाजता.

किमान वेतनाचं तू विचारलं नाहीस, पण विचारायला हवं होतंस. कर्नाटकाने 2004 मध्ये घरकामाला किमान वेतन लावलं, मग केरळ, तामिळनाडू, राजस्थान अशी आणखी राज्यं आली. आपल्याकडे आज काय दर धरायचा हे ऐकीव माहितीवर ठरवू नकोस. श्रम खात्याला माहिती अधिकारात एक पानाचा अर्ज टाक: गुजरातच्या किमान वेतनात घरकाम कुठे धरलं आहे आणि वडोदरा शहरासाठी आजचा दर काय? 30 दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. तो कागद पुढच्या प्रत्येक बोलण्यात उपयोगी पडेल. आपल्या मराठी घरांत आणखी एक गैरसमज असतो. मुंबई-पुण्याच्या बातम्या वाचून लोक सांगतात की घरेलू कामगारांचं मंडळ असतं, तिथे नाव घाला. तो महाराष्ट्राचा 2008 चा कायदा आहे, तो नवापूरच्या अलीकडे येत नाही. तुझी मावशी नाशिकला काम करत असेल तर तिला लागू, आईला नाही.

आईसाठी देशाचं जे आहे ते ई-श्रम. 16 ते 59 वयाच्या असंघटित कामगारांची ही नोंद 2021 पासून सुरू आहे, फुकट आहे, आधार आणि त्याला जोडलेला मोबाइल लागतो. त्यात व्यवसाय म्हणून घरकाम निवडता येतं. लगेच पैसे मिळतील असं समजू नकोस. पण सरकारी कागदावर आई कामगार आहे अशी नोंद पहिल्यांदा होईल. सामाजिक सुरक्षा संहिता ही नव्या चार श्रमसंहितांपैकी एक, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्या व्याख्येतही घरकामगार असा स्पष्ट उल्लेख आहे.

इतकं असूनही घरकामगारांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही, आणि हे लपवून काय करू. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 16 जून 2011 रोजी घरकामगारांसाठी करार 189 मंजूर केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं, पण मान्यता अजून दिलेली नाही. 29 जानेवारी 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात केंद्र सरकारला तज्ज्ञांची समिती नेमून अशा कायद्याचा विचार करायला सांगितलं. आठवड्याची सुट्टी, आजारपणाची रजा, काढून टाकण्याआधी नोटीस, हे तुझ्या आईला आज कायदा म्हणून मागता येत नाही. ते बोलून ठरवावं लागतं. बायका एकत्र असतील तर ते ठरतंही. पुण्यात 1980 साली मोलकरणींनी संप केला आणि पगार, सुट्ट्या बोलून घेतल्या. आपल्याकडे इलाबेन भट्टांनी 1972 मध्ये अहमदाबादला सुरू केलेली ‘सेवा’ घरकाम करणाऱ्या बहिणींचंही संघटन करते. त्या सोसायटीत आईसारख्या किती जणी येतात? तीस? चाळीस? सकाळी साडेसातला गेटवर सगळ्या एकत्रच तर सह्या करतात.

लिफ्टच्या बोर्डाला लावायला माझ्याकडे एक तयार कलम नाही. जातीवरून अडवलं असतं तर 1955 आणि 1989 चे कायदे पुढे केले असते. ‘नोकर’ या शब्दाआड तो बोर्ड लपलेला आहे. पण सोसायटीची लिफ्ट मेंबरांच्या पैशांवर चालते आणि मेंबर हवं त्याला आपल्या घरी बोलावतो. सातव्या मजल्यावरच्या एखाद्या मेंबरने सर्वसाधारण सभेत लेखी विषय मांडला की माझ्या घरी येणाऱ्या बाईला लिफ्ट का नाही, तर कमिटीला मिनिट्समध्ये उत्तर लिहावं लागतं. ‘मेंबरांना चालत नाही’ हे वाक्य बोलायला सोपं आहे, सही करून लिहायला फार अवघड जातं. चार घरांपैकी असं एक घर निवड. गुडघ्याचं डॉक्टरी सर्टिफिकेट सोबत असू दे.

एक गोष्ट पत्रात नाही, तरी विचारते, आणि तूही आईला एकांतात विचार. कुठल्या घरात कुणा पुरुषाचा त्रास आहे का? 2013 च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्यात घर हेही कामाचं ठिकाण आहे आणि घरकामगार त्यात नावानिशी आहे. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, तीन महिन्यांच्या आत. लगेच मदत हवी तर 181 अभयम ही महिला हेल्पलाइन. त्यांची गाडी समुपदेशक बाईला घेऊन घरापर्यंत येते.

आता तुझ्या आणि आईच्या भांडणाकडे येते. ‘गप्प बस’ म्हणणारी आई तुला भित्री वाटत असेल. ती हिशोब करते आहे. एका घरचे गेलेले पैसे, उरलेली तीन घरं, सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप, त्यात एका संध्याकाळी पडलेला एक मेसेज, आणि तुझी पुढच्या सेमिस्टरची फी. तू फक्त अन्याय बघतेस, तिला फीही दिसते. आणि हेही लक्षात घे की ती त्या घरी परत गेली नाही. निरोप आल्यावरही गेली नाही. तिने ठरवलं काय ते तिथे ठरवलं आहे. तक्रार तिची आहे, अंगठा किंवा सही तिची लागणार, कोर्टात उलटतपासणी तिची होणार. तू तिच्यावर ओढून आणू नकोस. माझं मत विचारशील तर आधी पैशांची नोटीस द्या. तिच्यात बांगडीचा, कोंडण्याचा, पार्किंगमधल्या बोलण्याचा प्रसंग तारीख-वेळेसह लिहा, म्हणजे नोंद राहील. मोफत वकिलाशी आईने स्वतः बोलावं, तू शेजारी बसावंस. मग अॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवायचा की नाही हे तिने त्याच आठवड्यात ठरवावं. त्याला जितका उशीर होईल तितका बचावाचा वकील त्या उशिरावर बोट ठेवेल, म्हणून ‘नंतर बघू’ एवढं मात्र करू नका. तिने नाही ठरवलं तर तिच्यावर रागावू नकोस.

तू हंसा मेहता लायब्ररीत अभ्यासाला बसत असशील. हंसाबेन तुमच्या युनिव्हर्सिटीच्या पहिल्या कुलगुरू, घटना समितीतल्या मोजक्या बायकांपैकी एक. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणारे शब्द होते, ते बदलून ‘सर्व माणसं’ करायला लावणाऱ्या त्याच. त्या लायब्ररीत बसून आईची नोटीस लिहायला घे. पहिल्या ओळीत आईचं पूर्ण नाव लिही, वडिलांचं, आडनाव, वय, पत्ता, सगळं. गेटवरच्या रजिस्टरमध्ये ती ‘702 ची बाई’ असेल. आमच्या त्या पेल्याच्या बाईंचं नाव मला त्या गेल्यानंतर कळलं, त्यांच्या मुलीने दिलेल्या चिठ्ठीवरून. मथुरा.

तुझा नंबर मी जपून ठेवला आहे, छापणार नाही. दिवाळीपुऱ्याला आधार कार्ड, जातीचा दाखला, पासबुक आणि ते लिहिलेले सतरा दिवस घेऊन जा. सकाळी साडेदहाच्या आत पोहोचा, दुपारनंतर गर्दी होते. आईला रिक्षाने ने, तिथे जिने आहेत.